एक रायफल, दोन रानं

आमचे आजोबा कोकणात शेतराखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक घेऊन डुकरांच्या पाळतीवर बसत. सामान म्हणजे तेवढंच, आणि एक घोंगडी. त्यामुळे अमेरिकेत कोलोरॅडोत शिकारीचा परवाना काढला तेव्हा वाटलं, खरेदीला एक शनिवार पुरे.

हंटर एज्युकेशनचा कोर्स आधी केला. 1 जानेवारी 1949 पासून पुढे जन्मलेल्यांना इथे तो सक्तीचाच. मग त्याच ऑक्टोबरात दोन परवाने हाती आले: पूर्वेच्या माळावर प्रॉन्गहॉर्न (हरणासारखं जनावर) आणि डोंगरात एल्कची मादी. प्रॉन्गहॉर्न जेमतेम 50 किलोचं, पण उघड्या माळावर फार लांबून माणूस हेरतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद, दाट झाडीत लपणारा.

दुकानदार म्हणाला, एल्कला मॅग्नमच हवी, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाची रायफल. घेतली. नेमबाजीच्या रेंजवर वीस गोळ्यांत खांदा ठणकला आणि चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले. तोट्यात विकून थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची रायफल आणली. काडतूस 1906 सालचं, गोळी 165 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). राज्याचा नियम एल्कला किमान 85 ग्रेन मागतो, म्हणजे दोन्ही जनावरांना एकच गोळी चालून गेली. स्कोप, म्हणजे रायफलवरची नेमाची दुर्बीण, तीन ते नऊ पटींचा. माळावर 240 यार्डांवरून नऊ पट लागली. झाडीत एल्क 70 यार्डांवर उभी राहिली तेव्हा तीन पटही जास्तच वाटली.

खरी फजिती इतर सामानात झाली. रानात मिसळून जाणारे महागडे कॅमोफ्लाजचे कपडे घेतले आणि वर नियमाप्रमाणे 500 चौरस इंचांचं नारिंगी जाकीट चढवलं, डोक्यावर नारिंगी टोपी. बायको हसून लोळली. (हरणांच्या जातीला नारिंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही, हा त्यातला दिलासा.) माळावर पोटावर सरपटताना बसके निवडुंग गुडघ्यांत घुसले. तिथे दिवसभर कामाला आलेला बायपॉड (रायफल टेकवायचे दोन पाय) डोंगरात प्रत्येक फांदीत अडकला. शेवटी काढून पिशवीत टाकला आणि रायफल पिशवीवरच टेकवून नेम धरला.

डोंगरात पहिल्या दिवशी आत सुती बनियन होतं. चढताना घामाने भिजलं, बसल्यावर बर्फासारखं अंगाला चिकटलं. दुसऱ्या दिवशी लोकर. दहा पटींची, 10 बाय 42 ची दुर्बीण मात्र दोन्हीकडे गळ्यात होती. रायफलपेक्षा ती कितीतरी जास्त वापरली.

आणि पाठीवरची पिशवी! एल्क पडल्यावर गाडीपर्यंत चार खेपा झाल्या. मागची एक मांडी 25 किलोच्या आसपास, आणि माझी पिशवी ऑफिसला नेण्याच्या लायकीची. पट्टा दुसऱ्याच खेपेला तुटला. उरलेलं मांस दोरीने पाठीला बांधून उतरलो. यंदा आधी लोखंडी सांगाड्याची पिशवी घेतली आहे; कॅमोफ्लाज शेजाऱ्याच्या पोराला देऊन टाकलं.