खातं रिकामं झालं म्हणून

परवा केम्प्स कॉर्नरला डेंटिस्टकडे गेलो होतो, अर्धा तास आधीच पोचलो आणि वर जाऊन त्या ड्रिलचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा खाली फ्लायओव्हरच्या सावलीत थांबलेलं बरं म्हणून हेडफोन लावले, लिओनार्ड कोहेन, तो कॅनडाचा कवी-गायक, सुरू झाला आणि एकदम डोक्यात आलं की अरे, हा बाबा इथेच तर राहायचा! म्हणजे अक्षरशः इथे, हॉटेल केम्प्स कॉर्नरमध्ये.

गोष्ट १९९९ ची. मॉन्ट्रियलचा हा माणूस आधी कवी, कादंबरीकार, तिशी उलटल्यावर गाण्यात आला, पहिला अल्बम १९६७ ला म्हणजे ३३ व्या वर्षी. आपल्याकडे त्या वयात लोक होम लोनच्या मागे लागतात. मग पुढे पंचवीसेक वर्षं गाणी, दौरे, दारू, सिगारेटी, आणि सतत पाठीशी डिप्रेशन. आज ज्याला त्याला पाठ असलेलं ते 'हालेलुया', ते ज्या अल्बममध्ये होतं तो १९८४ ला अमेरिकेत काढायलाच त्याच्या कंपनीने नकार दिला होता! गाणं गाजलं ते दुसऱ्यांनी गायल्यावर. १९९४ ला हा सगळं सोडून कॅलिफोर्नियात माउंट बाल्डीवरच्या झेन मठात गेला, दोन वर्षांनी रीतसर भिक्षू झाला, डोकं भादरून, पहाटे उठून ध्यान, वर आपल्या म्हाताऱ्या गुरूंसाठी स्वयंपाक. पाच वर्षं काढली तरी डिप्रेशन काही जाईना. म्हणून तिथूनही उठला आणि आला तो थेट मुंबईला.

कोणाकडे, तर रमेश बालसेकरांकडे. हे बँक ऑफ इंडियातून अगदी वरच्या पोस्टवरून रिटायर झालेले गृहस्थ, लंडनला शिकलेले, राहायला पेडर रोडजवळ गमाडिया रोडला. आणि त्यांचे गुरू कोण, तर खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज, मूळचे मारुती कांबळी, विडीचं दुकान होतं त्यांचं. महाराज बोलायचे मराठीत आणि समोर बसलेल्या गोऱ्या मंडळींना ते इंग्रजीत सांगायचं काम बालसेकर करायचे. विडीवाला, मग बँकवाला, मग कोहेन, ही साखळी मला भयंकर आवडते (माझे बाबा बँकेत होते, पण त्यांच्याकडे सत्संगाला कोणी आलं नाही, लोनसाठी यायचे).

बालसेकरांचं सांगणं थोडक्यात असं की घटना घडतात, कर्म होतं, पण करणारा असा कोणी नसतो. कोहेन रोज सकाळी चालत जायचा आणि त्यांच्या घरी इतरांसारखा बसून ऐकायचा. काही महिने राहिला, नंतरही येत राहिला. आणि त्याच सुमारास ते जन्माचं डिप्रेशन हळूहळू विरलं. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही, एकदा म्हणाला होता की वय झालं की काळजीवाल्या मेंदूच्या पेशी मरतात असं कुठेतरी वाचलंय. मला हे उत्तर कुठल्याही आध्यात्मिक पुस्तकापेक्षा पटतं.

आता खरी गंमत. रिटायर्ड बँकरकडून मनःशांती घेऊन घरी गेलेल्या या माणसाचं स्वतःचं खातंच साफ झालं. २००४ च्या शेवटी कळलं की मॅनेजरने सगळा पैसा उडवलाय, म्हातारपणासाठी ठेवलेल्या पन्नासेक लाख डॉलरमधले जेमतेम दीड लाख उरलेत. करणारा कोणी नसतो वगैरे ठीक आहे, पण वकील करावाच लागला. २००६ ला कोर्टाने मॅनेजरला नव्वद लाख डॉलरच्या आसपास द्यायला सांगितले, निकाल कागदावर छान, हातात काही नाही. मग काय, सत्तरी ओलांडलेला माणूस पोटासाठी पुन्हा स्टेजवर.

११ मे २००८, कॅनडातलं फ्रेडरिक्टन, छोटंसं थिएटर, पंधरा वर्षांनी पहिला शो. आणि दोनेक महिन्यांत लंडनच्या ओटू अरीनात. ते रेकॉर्डिंग मी किती वेळा पाहिलंय देव जाणे. सूट, हॅट, आवाज पार खर्जात गेलेला, सुरुवातीलाच लोकांना सांगतो की मागच्या वेळी इथे आलो तेव्हा साठीचा होतो, डोक्यात खुळी स्वप्नं असलेलं पोरगं! पुढे गोळ्यांची यादीच वाचतो, बहुतेक डिप्रेशनवरच्याच, एकेकीचं नाव घेऊन, मग म्हणतो धर्म आणि तत्त्वज्ञानाचाही खूप अभ्यास केला, पण मधेमधे आनंद उफाळून यायचाच. लोक खो खो हसतात.

पण मी बघतो ते त्याचे गुडघे. कोहेन हाविएर मासच्या समोर, तो स्पॅनिश वादक आपली तारांची वाद्यं छेडत असतो, तिथे खाली गुडघ्यावर बसून गातो, मग बाकीचे वाजवताना हॅट काढून छातीशी धरून नुसता ऐकतो आणि उड्या मारत विंगेत जातो. ७३ वय. मला पन्नाशीत आरतीला खाली बसलो तर उठताना टीपॉय धरावा लागतो.

पैशासाठी आला हे सगळ्यांना माहीत होतं, त्यानेही लपवलं नाही. पण पैसे वसूल करणारा माणूस असा गात नाही हो, जवळजवळ तीन तास, आणि २०१३ च्या डिसेंबरपर्यंत मधे ब्रेक घेत घेत तो गातच राहिला. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तो स्वतःच्या गाण्याखाली दबलेला वाटतो, इथे ते खांद्यावरून उतरलंय. मी याचं क्रेडिट थोडं खेतवाडीला देतो, कोणी हसलं तरी चालेल. शेवटचा अल्बम घरीच खुर्चीत बसून गायला, पाठीची पार वाट लागलेली, प्रोड्यूसर मुलगाच. २१ ऑक्टोबर २०१६ ला तो आला आणि ७ नोव्हेंबरला कोहेन गेला, ८२ व्या वर्षी.

हे सगळं आठवत उभा राहिलो तेवढ्यात क्लिनिकमधून दोनदा फोन येऊन गेला होता. रूट कॅनल निघालं. पाऊण तास तोंडाचा आ करून पडलो होतो, मनात आपलं चालू, करणारा कोणी नसतो, करणारा कोणी नसतो. बिल मात्र माझ्याच नावावर फाडलं.