रोझलिंड ही बेंजामिन फ्रँकलिनची कोण लागते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, पण खरं तर दरवर्षी बारावीला डीएनए शिकवायला घेतला की कुणीतरी विचारतंच, मॅडम, ही डीएनएवर काम करणारी शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन त्या पतंग उडवून वीज पकडणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनच्या घराण्यातली का? नाही, काहीही नातं नाही.

फ्रँकलिन म्हणजे मुळात मध्ययुगीन इंग्लंडमधला स्वतःची जमीन असलेला माणूस, कुणाचा बांधील नाही पण सरदारही नाही, आणि आपल्याकडे पाटील, देशमुख जसे आडनावं होऊन बसले तसंच तेही घराण्यांना चिकटलं, मग गावोगावचे फ्रँकलिन एकमेकांचे कुणी का लागावेत? बेंजामिनचे पूर्वज नॉर्थॅम्प्टनशरमधल्या एक्टन गावचे. १७५८ साली तो मुलाला घेऊन तिथे गेला तर थडग्यांवर इतकं शेवाळ की अक्षरंच लागेनात, मग तिथल्या पाद्र्याच्या बायकोने कडक ब्रश आणि पाणी मागवलं, पीटरने दगड घासून काढले आणि मुलाने नावं उतरवून घेतली. हे त्याने बायकोला पत्रात लिहिलंय. पीटर त्याचा गुलाम होता, मला तर या सगळ्या प्रसंगात तो घासणारा पीटरच डोळ्यांसमोर येतो.

रोझलिंडचं घराणं ज्यू, ब्रेस्लाऊहून (आता पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) लंडनला आलेलं, मूळ आडनाव फ्रेंकेल, इंग्लंडमध्ये त्याचं फ्रँकलिन झालं. आणि गायिका अरीथा फ्रँकलिन? तिचे वडील जन्माने वॉकर, सावत्र वडिलांचं आडनाव त्यांनी लावलं.

नातं राहू दे, मुलांनी रोझलिंडचं काम बघावं असं मला मनापासून वाटतं. मे १९५२ मध्ये तिने आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी क्ष-किरणांनी काढलेला डीएनएचा फोटो, ‘फोटो ५१’, मी वर्गात आधी दाखवते, मधोमध काळपट डागांची एक फुली, बस, पण त्या फुलीवरूनच कळतं की रेणू पिळासारखा वळलेला आहे. जानेवारी १९५३ मध्ये तो वॉटसनला, म्हणजे क्रिकसोबत डीएनएची रचना शोधणाऱ्या शास्त्रज्ञाला, दाखवला गेला, तिला न विचारता. १९५८ साली ३७व्या वर्षी ती कॅन्सरने गेली, डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळालं १९६२ मध्ये, वॉटसन, क्रिक आणि तिचा सहकारी विल्किन्सला. लंडनला विल्सडेनमध्ये तिचं थडगं आहे, त्यावर शास्त्रज्ञ असं लिहिलंय आणि खाली तिच्या विषाणूंवरच्या संशोधनाबद्दल दोन ओळी आहेत. डीएनएचं नावही नाही.