डब्यातला आंबट वास

झाकण उघडलं आणि निगेटिव्हची फिल्म दिसायच्या आधी वास आला. आंबट, थेट व्हिनेगरचा. एका फोटोग्राफरचं आयुष्यभराचं काम, लग्नं, नाटकं, कारखाने, सगळं एकाच घट्ट बंद पत्र्याच्या डब्यात.

तो घट्टपणाच नडतो. ॲसिटेट या प्लॅस्टिकची फिल्म उष्ण, दमट हवेत ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, सोडते. ते कोंडलं की विघटन आणखी वेगाने होतं. पट्टी आक्रसते, वरचा इमल्शनचा, म्हणजे चित्र धरून ठेवणारा, थर तेवढा आक्रसत नाही, म्हणून तो सुटून सुरकुततो.

अशा पट्ट्या आधी बाकीच्यांपासून वेगळ्या करा. चिकटलेल्या ओढू नका, चित्रच सोलून येतं. पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. थंड, कोरडी जागा हवी, आर्द्रता ३० ते ५० टक्के. त्याने विघटन मंदावतं, थांबत नाही. त्यामुळे स्कॅनिंग लांबवू नका. कॅमेऱ्याने स्कॅन करायचं तर अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, इमल्शनची बाजू लेन्सकडे, नंतर प्रतिमा डावी-उजवी उलटवायची.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. पाकिटांवर पेन्सिलीने शटर आणि ॲपर्चर नेटकं लिहिलेलं होतं. माणसांची नावं एकावरही नव्हती. ती आता कुठल्या स्कॅनरने परत आणायची?

तुमच्या घरातल्या निगेटिव्ह कुठे आहेत? आज एकदा वास घेऊन बघाल?