फुप्फुसातला दाब आणि बाळंतिणीचे पथ्य

बेळगावच्या आमच्या बालरुग्ण अतिदक्षता विभागात पहाटे दाखल झालेले ते बाळ तीन महिन्यांचे होते, केवळ अंगावरच्या दुधावर वाढलेले आणि आदल्या आठवड्यापर्यंत चांगले खेळणारे. आता ते दूध ओढत नव्हते, त्याला धाप लागली होती आणि रडताना आवाज जवळजवळ फुटतच नव्हता. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची उजवी बाजू फुगलेली, मधला पडदा डावीकडे ढकललेला आणि फुप्फुसाच्या धमनीतील दाब शरीराच्या रक्तदाबाच्या बरोबरीला आलेला दिसला. जन्मजात हृदयदोष नव्हता, न्यूमोनियाही नव्हता. रक्तातील लॅक्टेट मात्र १२ मिलिमोल प्रतिलिटर होते. एरवी ते २ च्या आत असते.

लॅक्टेटचा तो आकडा पाहून मी बाळाच्या आजीकडे वळलो.

"आजी, सूनबाईंना जेवायला काय देता?"

"वेळलेला भात, तूप आणि मिरपूड, डॉक्टर. डाळ-भाजी बाळाला बाधते, म्हणून पथ्य पाळतोय."

पॉलिश केलेल्या तांदळात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, मुळातच थोडे उरते आणि तांदूळ धुताना व भात वेळताना त्यातलेही बरेचसे पाण्याबरोबर जाते. आईच्या शरीरात जे नाही ते दुधात येणार कुठून? ग्लुकोजपासून बनलेल्या पायरुव्हेटला मायटोकाँड्रियातील, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतील, ज्वलनाकडे नेणारे पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) थायमिनशिवाय चालत नाही. मग पायरुव्हेटचे लॅक्टेट होते, पेशीला ऊर्जा अपुरी पडते, रक्ताची आम्लता वाढते आणि तिने फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात. ऊर्जेला पारखे झालेले उजवे हृदय अशा वाहिन्यांत रक्त ढकलू पाहते.

तपासणीसाठी रक्त काढून ठेवले आणि अहवालाची वाट न पाहता १०० मिलिग्रॅम थायमिन शिरेतून दिले. संध्याकाळपर्यंत लॅक्टेट निम्म्याहून खाली आले. दुसऱ्या दिवशीच्या इकोत फुप्फुसातला दाब जवळजवळ पूर्ववत झाला होता. एवढ्या स्वस्त औषधाने एवढा फरक पडताना पाहणे ही माझ्या कामातील सर्वांत समाधानाची गोष्ट आहे.

प्रौढांच्या फुप्फुसीय धमनी-उच्च रक्तदाबातही हेच पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज अडवले जाते, पण तिथे त्याला पीडीके नावाचे दुसरे विकर अडवते. ऑक्सिजन असूनही पेशी ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजन न वापरता ग्लुकोज तोडण्यावर, जगतात, जसे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांनी कर्करोगाच्या पेशींत पाहिले होते, आणि वाढत राहून धमनीची भिंत जाड करतात. पीडीकेला रोखणाऱ्या डायक्लोरोॲसिटेट या औषधाची कॅनडा आणि ब्रिटनमधील चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. काही रुग्णांचा दाब उतरला, परंतु सर्ट-३ आणि यूसीपी-२ या जनुकांची विशिष्ट रूपे असलेल्यांना फारसा गुण आला नाही. जाड झालेली भिंत बाळाच्या आकसलेल्या वाहिनीसारखी एका दिवसात सैल होत नाही.

आईलाही थायमिनच्या गोळ्या सुरू केल्या. आजींनी सुनेच्या काळजीपोटीच पथ्य पाळले होते, म्हणून त्यांना दोष न देता डाळ, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे आणि भाज्या यांची यादी त्यांच्याच हाती दिली.