मायनसमधली उजनी आणि लाल पोटाचं पाखरू

सोलापुरात उन्हाळ्यात पेपर हातात आला की आधी उजनीची टक्केवारी बघायची. आकडा मायनसमध्ये गेला की गल्लीत बॅरल आणि टँकरच्या गप्पा सुरू. मायनस म्हणजे धरण कोरडं नव्हे, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. ११७ टीएमसीतलं ६३च्या आसपास पाणी मृतसाठ्यातच, म्हणजे टक्केवारीत न धरल्या जाणाऱ्या तळाच्या साठ्यात असतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तेव्हा मीही सगळ्यांसारखीच हंडे-कळश्या भरते. पण पाणी उतरायला लागलं की मी गुपचूप दुर्बीण पुसायला घेते. घरात हे मोठ्यानं बोलायची सोय नाही.

काठोकाठ भरलेला तलाव बदकांचा. थापट्या, हळदीकुंकू ही बदकं आणि त्यांच्या सोबतीला वारकरी पक्षी तिथं मजेत असतात. (काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला वारकरी पंढरपूरच्या जिल्ह्यात असायलाच हवा.) चिखलात चरणाऱ्या वेडर पक्ष्यांना मात्र उतरलेलं पाणीच लागतं. छोट्या टिलव्याचं वजन जेमतेम २५ ग्रॅम आणि पाय बोटभर. त्याला खोल पाणी काय कामाचं? काठ उघडा पडला, मऊ चिखलात अळ्या-किडे हाताशी आले की मग तुतारी, शेकाटे, चिखल्या सगळे हजर.

म्हणून एप्रिलअखेर मी हिप्परग्याला जातेच. आदिला नदीवरचा हा तलाव दीडशे वर्षांहून जुना, तुळजापूर रोडला, स्कूटीवर सहज होण्यासारखा. यंदा टिलव्यांच्या थव्यात एक पाखरू जरा उंच दिसलं. टिलवे पळत पळत वरचेवर टोचत होते. हे मात्र पोटापर्यंत पाण्यात उभं राहून अख्खी चोच खुपसत होतं. चोच काळी, लांब, टोकाकडे खाली वाकलेली. पोटावर विटकरी लाल डाग, रंगपंचमीचा रंग दोनदा अंघोळ करूनही राहावा तसे. कर्ल्यू सँडपायपर! मुंबईकरांना त्याचं काय कौतुक, शिवडीच्या चिखलावर हे थव्यानं असतात. समुद्रापासून एवढ्या आत, आमच्या तलावावर, एक दिसणंसुद्धा मोठी गोष्ट.

तरी डनलिनची शंका होतीच, त्याचीही चोच थोडी वाकडी असते. उडाल्याशिवाय निकाल लागत नाही. डनलिनच्या कमरेवर मधोमध काळा पट्टा असतो, याची कंबर स्वच्छ पांढरी.

तेवढ्यात शेरडं घेऊन एक आजोबा आले.

"काय बघालाव ताई?"

"पाखरू बघतेय आजोबा. सैबेरियाकडं निघालंय, तिकडंच अंडी घालतंय."

दुर्बीण दिली. बराच वेळ बघून म्हणाले, "एवढंसं हाय की. अन् तिकडं जाऊन करतंय काय? इथं पाणी नाही म्हणून जातंय व्हय?"

पाण्यासाठी नाही, तिकडच्या उन्हाळ्यातल्या किड्यांसाठी, असं सांगेपर्यंत त्यांचं एक शेरडू थेट चिखलात घुसलं. थवा उठला आणि पांढरी कंबर लख्ख दिसली. आम्ही मुद्दाम थवे उठवणाऱ्यांना शिव्या घालतो. अग्निपंखांच्या (फ्लेमिंगोंच्या) फोटोसाठी होडी थेट त्यांच्या अंगावर घालायला लावणारे तर माझ्या डोक्यातच जातात. कित्येक हजार किलोमीटर जायचंय, त्या आधी अंगावर चरबी धरणाऱ्या पाखराला उगाच पळवायचं म्हणजे त्याची शिदोरी काढून घेणं. शेरडाला मात्र त्या दिवशी माफ केलं.

कुणाला यायचं असेल तर उन्हं चढायच्या आत या आणि पूर्वेच्या काठावर बसा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. भेगा पडलेला चिखल वरून वाळलेला दिसला तरी पाय देऊ नका, आत गुडघाभर गाळ असतो. आणि पावसाळ्यात तलाव भरला की माझ्याकडं वेडरची चौकशी करू नका, तेव्हा मीही बाकीच्या सोलापूरकरांसारखी पेपरातला आकडा बघून खूशच असते.