पाचवा रकाना

अहवालाचा मसुदा माझ्याकडे तपासणीला आला तेव्हा हल्लेखोराचं नाव पहिल्याच पानावर होतं. एका सरकारच्या पाठबळावर चालणारा, आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असलेला गट. एका कंपनीच्या सर्व्हरवरून डिझाइनच्या फाइल्स चोरीला गेल्या होत्या. कोणी आणि कशा, हे आमच्या टीमने शोधायचं होतं. सायबर हल्ल्यांचं विश्लेषण म्हटलं तरी दुखणी गुप्तवार्ता विभागांचीच: माहिती तुटक, त्यातली काही मुद्दाम पेरलेली, आणि उत्तर कालच हवं असतं.

आमच्याकडे पद्धत अशी, की तपासात नसलेल्या एकाने अहवाल फोडून बघायचा. त्या दिवशी ती पाळी माझी होती. हे काम कुणाला आवडत नाही. रात्रभर जागलेल्या माणसाला ताज्या डोक्याने आलेल्याचे प्रश्न झोंबणारच.

मी रिचर्ड्स ह्यूअर यांचा तक्ता मांडला. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेत आयुष्य घालवलेल्या या माणसाची युक्ती साधी आहे: वर रकान्यांत सगळी संभाव्य उत्तरं, डावीकडे ओळींत पुरावे. वाचायचं मात्र आडवं. आवडत्या उत्तराखाली किती पुरावे जमले ते मोजत बसायचं नाही; प्रत्येक पुरावा कुठल्या उत्तराच्या आड येतो ते बघायचं. कुणाच्याच आड येत नसेल, तर तो कितीही भारदस्त दिसो, निवड करायला त्याचा उपयोग नाही.

चार रकाने झाले: तोच गट, दुसऱ्या देशाचा गट, पैशासाठी चोरणारी टोळी, आतला माणूस.

पहिली ओळ, मालवेअरचा, म्हणजे चोरांनी सर्व्हरवर घुसवलेल्या प्रोग्रॅमचा, कोड त्या गटाच्या जुन्या कोडशी जुळतो. पण तो जुना कोड केव्हाच फुटून इंटरनेटवर आला होता. दुसरी, हल्लेखोरांच्या कामाच्या वेळा त्या देशाच्या ऑफिसच्या वेळांशी जुळतात. त्याच टाइमझोनमध्ये आणखी कितीतरी देश बसतात. तिसरी, प्रोग्रॅममध्ये त्या भाषेतले शब्द सापडले. इथे टीमचा प्रमुख म्हणाला, ‘‘भाषा कोण कशाला खोटी घालेल?’’

मी दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगची आठवण करून दिली. 9 फेब्रुवारी 2018, हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन, आणि आयोजकांची यंत्रणा कोलमडली. मालवेअरमध्ये उत्तर कोरियाच्या गटाच्या खुणा होत्या. फाइल कोणत्या साधनांनी बांधली याची जी नोंद तिच्या सुरुवातीला राहते, तीसुद्धा त्या गटाच्या प्रोग्रॅमशी जुळत होती. पुढे कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की ही नोंद दुसरीकडून उचलून चिकटवलेली आहे. फाइलमधला कोड तिच्याशी जुळतच नव्हता. 2020 मध्ये अमेरिकेने आरोप ठेवले ते रशियाच्या लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांवर.

प्रमुख गप्प झाला, पण पटलं नव्हतं. ‘‘मग काहीच सिद्ध होत नाही असं लिहू का?’’

तसंही नव्हतं. परिशिष्टात, ‘संबंध आढळला नाही’ असा शेरा मारलेली एक नोंद होती. एका कंत्राटदाराच्या खात्यातून व्हीपीएन लॉगिन, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये प्रवेश, पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर, आणि त्यानंतर डिझाइनचा फोल्डर उघडलेला. तारीख फसव्या ईमेलच्या तीन आठवडे आधीची. मसुद्याप्रमाणे मात्र चोर त्या ईमेलमधूनच घरात शिरला होता. अख्ख्या तक्त्यात कशाच्या तरी आड येणारी ही एकच ओळ, आणि ती बाहेर ठेवली होती. नाव पहिल्या तासातच कुणीतरी उच्चारलं होतं. मग जे त्यात बसेना ते मागच्या पानांत गेलं. यात लबाडी कुणाचीच नव्हती.

मग टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने विचारलं, ‘‘दोन वेगळे चोर असतील तर?’’

पाचवा रकाना तिचा. तो गट खरोखर आत आला असेल, आणि फाइल्स त्याच्या आधीच दुसऱ्याने नेल्या असतील. फाइल्स कॉपी कधी झाल्या ते सांगणारे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, तेवढे जुने शिल्लक नव्हते, त्यामुळे हे खोडताही येईना.

संध्याकाळी भांडण उरलं ते शब्दांचं. प्रमुखाला ‘दाट शक्यता’ हवी होती. सीआयएचेच विश्लेषक शर्मन केंट यांनी 1951 मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का याबद्दल ‘गंभीर शक्यता’ लिहिलं, आणि नंतर विचारलं तर त्यांच्याच सहकाऱ्यांच्या मनातले आकडे 20 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले. म्हणून आम्ही शब्दांसमोर टक्क्यांची कक्षा लिहितो. शेवटी गटाचं नाव दुसऱ्या पानावर गेलं, ‘खात्री कमी’ या शेऱ्यासह.

कंपनीचे अधिकारी फोनवर नाराज झाले. परक्या सरकारने लुटलं म्हणण्यात अब्रू राहते. कंत्राटदाराच्या पासवर्डने लुटलं म्हणण्यात ती जाते. हा दबाव कुठल्याच तक्त्यात मांडता येत नाही. मी विचारलं, ते खातं बंद केलंत ना? सगळ्यांचे पासवर्ड बदललेत, असं उत्तर आलं. सगळ्यांचे म्हणजे कर्मचाऱ्यांचे. कंत्राटदार त्या यादीत नव्हते.