इंदूरला गेलो आणि बुडबुडे बघत बसलो

सराफ्याबद्दल लिही म्हणून मागे लागलेल्यांसाठी आधी तेवढं उरकतो: रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की तिथेच खाण्याची लागतात, गराडू (तळलेला कंद) भारी, गर्दी असह्य. झालं. आमचं बाकीचं इंदूर ट्रान्सपोर्ट नगरात गाडीखाली डोकावण्यात गेलं.

गाडी म्हणजे जुन्या डिझेल मिनीबसची करून घेतलेली मोटरहोम, आत दोन बेड, ओटा, पाण्याची टाकी. इंजिनाला डिझेल देणारा पंप जुना मेकॅनिकल, म्हणजे स्कॅनर लावून काही कळायची सोय नाही. नाशिकला डिझेलची टाकी फुल केली, धुळ्यापर्यंत मस्त पळाली, पण शिरपूर सोडून बिजासन घाट चढायला लागलो आणि पिकअप गेला, दोन झटके दिले न् बंद. थोडं थांबलं की चालू व्हायची, पुढच्या चढाला परत तेच. मानपूरच्या घाटात मागच्या ट्रकवाल्यांनी आमच्या सात पिढ्या उद्धारल्या.

हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने तर बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं, पंप गेलाय, अठरा हजार. तिथे उभे असलेले दोन चहावाले आणि एक पंक्चरवालाही लगेच पंपावरच आले. मला याचाच राग येतो, महागडा पार्ट आधी आणि तपासणी नंतर, आणि नाही म्हटलं की आपणच कंजूस ठरतो.

कशीबशी लोकमान्य नगरात आत्याकडे पोचलो. काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आधी पोहे खा रे, गाडी कुठे पळून जातेय?" पळतच नव्हती, तोच तर प्रॉब्लेम. इंदूरच्या पाहुणचारात नाही म्हणायची सोय नसते, शेव आणि जिरावण घातलेली दुसरी प्लेट संपल्यावरच काका उठले आणि त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले.

या माणसाने पाना हातात घेतला नाही. आधी प्रश्न. बंद पडते तेव्हा टाकी फुल असते की अर्धी? सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो का? बायको म्हणाली, बिजासनला काटा अर्ध्यावर आला होता आणि सकाळी तर सेल्फ मारून मारून बॅटरी रडते. मिस्त्री हसले. "भिया, पंप को हाथ मत लगाना. गाडी हवा ले रही है."

पण नुसतं बोलून थांबले नाहीत. टाकीचं झाकण उघडलं, फुस्स आवाज नाही, म्हणजे झाकणाचं भोक तुंबून आत व्हॅक्यूम होत नाहीये. फिल्टरच्या तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढलं, पाणी असतं तर खाली बसलं असतं, काही नव्हतं. मग एक पाच लिटरचा कॅन बांधला, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) पाइप आणि उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्न पाइप दोन्ही त्यात सोडले आणि म्हणाले चला बायपासवर. दाबून चालवली, एकदाही अडखळली नाही! म्हणजे पंप, फिल्टर, नोझल सगळं ठणठणीत, दोष टाकी ते पंप एवढ्याच तुकड्यात.

परत आल्यावर मूळ लाइन जोडली आणि पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी घातली. गाडी रेस केली आणि पिवळसर डिझेलमधून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग पळायला लागले, रेस वाढवली की लांबट होऊन एकमेकांना चिकटायचे, आणि मोठा बुडबुडा गेला की क्षणभराने इंजिन अडखळायचं. मी, बायको, काका, तिघंही खाली वाकून बघत होतो. काका म्हणाले, "सलाइनमध्ये हवा गेल्यासारखं आहे हे."

मग सापडलं. बॉडी बनवणाऱ्याने पाण्याच्या टाकीला जागा करायला डिझेलची टाकी मागे सरकवली होती आणि कमी पडलेली लाइन साध्या रबरी पाइपने जोडली होती. तो आता कडक होऊन क्लिपखाली तडकलेला. बाहेर थेंब नाही, कारण त्या भागात पंप डिझेल ओढतो, ढकलत नाही, त्यामुळे डिझेल गळण्याऐवजी हवाच आत जाते. टाकी भरलेली असली की पातळी वर असते, फारसं ओढावं लागत नाही; खाली गेली की ओढ वाढते आणि चढाला डिझेल जास्त लागतं तेव्हा नेमकी हवा शिरते. रात्री तिथूनच हवा घेऊन डिझेल टाकीत परत उतरायचं, म्हणून सकाळचा तो सेल्फचा छळ.

डिझेलचा पाइप आणि दोन क्लिपा, तीनशेच्या आत. डिझेल लाइनवरचा छोटा हातपंप मारून फिल्टरच्या स्क्रूतून एअर काढली, आधी फेस, मग स्वच्छ धार, आणि हातपंप एकदम कडक झाला. मजुरी मिस्त्रींनी सांगितली त्यापेक्षा जास्त दिली, ती घ्यायलाच ते तयार नव्हते.

येताना त्याच बिजासनला काटा पावच्या खाली होता, गाडी बिनतक्रार चालली. बॉडीवाल्याला मुद्दाम फोन केला. तो म्हणाला, पाइप चांगल्या क्वालिटीचाच होता साहेब, तुमचा पंप चेक करून घ्या.